संगणकावरून फोन बोलण्यासाठी हेडसेट : निवड, जोडणी आणि रोजचा वापर

रावेर-सावद्याकडचे केळी व्यापाऱ्याचे कार्यालय असो, जळगावातले ठिबक संचांचे दुकान असो, धुळ्यातल्या रुग्णालयाचा चौकशी विभाग असो किंवा भुसावळमध्ये घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपनीचे कॉल घेणारी एखादी मुलगी असो, दिवसभर फोनवर बोलण्याचे काम आता टेबलावरच्या फोनशिवाय, संगणकात बसवलेल्या सॉफ्टवेअरमधून करता येते. या सॉफ्टवेअरला सॉफ्टफोन म्हणतात. मायक्रोसिप, झोइपर, लिनफोन ही त्यांतली काही परिचित नावे आहेत आणि पुष्कळ कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना स्वतःचे वेगळे सॉफ्टवेअरही देतात. आपला आवाज माइकमधून संगणकात येतो, त्याचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे छोटे तुकडे होतात आणि ते इंटरनेटवरून पलीकडे जातात. पलीकडचा माणूस साध्या मोबाईलवर बोलत असला तरी त्याला काही वेगळे करावे लागत नाही.

या कामाला नव्याने लागणाऱ्यांची पहिली तक्रार जवळजवळ ठरलेली असते : आवाज येत नाही, किंवा आवाज जात नाही. अशा वेळी सगळे जण हेडसेटला दोष देतात आणि कित्येकदा नवा विकतही आणतात. प्रत्यक्षात हेडसेट, विंडोज, सॉफ्टफोन आणि इंटरनेट असे चार थर एकावर एक असतात आणि बिघाड यांपैकी कोणत्याही एका थरात असू शकतो. खालचा थर नीट आहे याची खात्री केल्याशिवाय वरच्या थराला हात लावायचा नाही, ही शिस्त पाळली तर बहुतेक अडचणी तंत्रज्ञाला न बोलावता सुटतात. म्हणून पुढील मार्गदर्शनही त्याच क्रमाने केले आहे.

हेडसेट निवडताना

दुकानात गेल्यावर आधी किंमत विचारू नये, टोकाला कोणती पिन आहे ते पाहावे. साधारण चार प्रकार दिसतात. पहिला, दोन वेगळ्या गोल पिनांचा. यात हिरवी पिन ऐकण्याची आणि गुलाबी पिन माइकची असते. दुसरा, मोबाईलच्या इअरफोनसारखा एकच ३.५ मिलिमीटरची गोल पिन असलेला. या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे तिच्यात माइकचीही तार असते. तिसरा यूएसबीचा आणि चौथा बिनतारी ब्लूटूथचा. याखेरीज जुन्या कॉल सेंटरमधून बाहेर पडलेले, टेलिफोनच्या रिसीव्हरच्या तारेसारखी चौकोनी पारदर्शक क्लिप असलेले हेडसेटही स्वस्तात मिळतात. ते टेबलावरच्या फोनसाठी बनवलेले असल्यामुळे संगणकाला थेट लागत नाहीत आणि त्यांना लागणारी यूएसबीची जोडतार वेगळी शोधत बसावी लागते. स्वस्त मिळाला म्हणून तो घेण्यात अर्थ नाही.

एका पिनेचा हेडसेट लॅपटॉपला बहुधा थेट चालतो, कारण अलीकडच्या लॅपटॉपमध्ये ऐकणे आणि बोलणे यांसाठी एकच छिद्र असते. टेबलावरच्या संगणकाला मात्र दोन वेगळी छिद्रे असतात. तिथे ही एक पिन हिरव्या छिद्रात घातली की आवाज उत्तम ऐकू येतो, पण माइक मुकाच राहतो, आणि नवखा माणूस माइक बिघडला असे समजून दुकानात परत जातो. एका पिनेच्या दोन पिना करणारी छोटी तार, जिला दुकानात स्प्लिटर म्हणतात, तिने हा प्रश्न सुटतो. मात्र माइक आणि हेडफोन वेगळे करणारा स्प्लिटर हवा असे स्पष्ट सांगावे. नाहीतर एकाच गाण्याला दोन हेडफोन लावण्याचा स्प्लिटर हातात पडतो, आणि तो दिसायला तसाच असतो. दुकानदाराने जोडून दिलेल्या संगणकात पुढच्या बाजूची छिद्रे कधीकधी आतून जोडलेलीच नसतात, म्हणून शंका आल्यास मागच्या बाजूची वापरून पाहावीत.

माझे मत विचाराल, तर रोज चार-सहा तास बोलायचे असेल तेव्हा तार असलेला यूएसबी हेडसेटच घ्यावा. त्यात आवाजाचे रूपांतर करणारा भाग हेडसेटच्या आत किंवा त्याच्या तारेवरच्या डबीत असतो, त्यामुळे संगणकाच्या आतल्या साउंड कार्डाची प्रत आणि त्याची खरखर यांचा संबंध येत नाही. दुसरे कारण आपल्याकडे जास्त महत्त्वाचे आहे. जुन्या घरांत आणि गाळ्यांत अर्थिंग धड नसते, आणि गोल पिनेच्या माइकमधून त्या कमतरतेची गुणगुण पलीकडच्या माणसापर्यंत पोहोचते. लॅपटॉपचा चार्जर काढल्याबरोबर ही गुणगुण थांबली, तर दोष विजेचा आहे, हेडसेटचा नाही, असे समजावे. यूएसबीमुळे हा त्रास पुष्कळ कमी होतो. तरी अर्थिंग दुरुस्त करून घेणे टाळू नये, कारण तो केवळ आवाजाचा प्रश्न नाही.

ब्लूटूथ हेडसेट दिसायला सुटसुटीत असतो, पण त्यात एक मेख आहे. गाणी ऐकताना तो एका पद्धतीने चालतो आणि माइक सुरू झाला की दुसऱ्या पद्धतीकडे वळतो. दुसऱ्या पद्धतीत आवाजाचा दर्जा एकदम खाली येतो. जुन्या यंत्रांत सेकंदाला आवाजाची ८,००० मोजमापे, म्हणजे नमुने, आणि बऱ्या यंत्रांत १६,००० नमुने एवढ्यावरच काम भागवावे लागते. म्हणून गाणे सुरेख वाजले याचा अर्थ फोन सुरेख होईल असा नाही. शिवाय दुपारी चार्जिंग संपते ते नेमके महत्त्वाच्या कॉलच्या वेळी.

एका कानाचा घ्यावा की दोन कानांचा, हे जागेवर ठरते. गल्ल्यावर बसून समोरच्या गिऱ्हाइकाशीही बोलायचे असेल तर एका कानाचा सोयीचा, आणि आजूबाजूला गोंगाट असेल तर दोन कानांचा. काहीही घेतले तरी माइक दांडीवर, तोंडाजवळ येणारा असावा. इअरफोनच्या तारेवर लोंबणारा माइक शर्टाच्या कॉलरला घासतो आणि ती घासणी पलीकडे वादळासारखी ऐकू जाते.

आधी विंडोज, मग सॉफ्टफोन

सॉफ्टफोन बंद ठेवावा आणि हेडसेट जोडावा. यूएसबी हेडसेट शक्यतो संगणकाच्या स्वतःच्या पोर्टमध्ये लावावा, एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडपट्टीवर (यूएसबी हबवर) नाही, आणि रोज त्याच पोर्टमध्ये लावावा. पोर्ट बदलला की विंडोज कधीकधी त्याच हेडसेटला नवे यंत्र समजते आणि आदल्या दिवशी केलेली निवड हरवते. त्यानंतर सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड या क्रमाने जावे. तिथे आउटपुट म्हणजे ऐकण्याचे यंत्र आणि इनपुट म्हणजे बोलण्याचे यंत्र असे दोन भाग दिसतील. दोन्ही ठिकाणी हेडसेटचे नाव निवडावे लागते. एका ठिकाणी निवडले म्हणून दुसरीकडे आपोआप निवडले जाईलच असे नाही. लॅपटॉपच्या पडद्यावरचा माइक इनपुटमध्ये तसाच राहिला, तर आपला आवाज हात-दीड हातावरून घेतला जातो आणि पलीकडचा म्हणतो, तुम्ही विहिरीतून बोलताय का.

त्याच पानावर आपण बोलू लागलो की हलणारी एक पट्टी असते. साध्या आवाजात बोलताना ती अर्ध्याच्या थोडी पुढे जावी आणि मोठ्याने बोलल्यावरही टोकाला टेकू नये. टोकाला टेकत असेल तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कशानेही शिवता येत नाही. माइकची पातळी शंभरावर नेऊन ठेवण्याचा मोह पुष्कळांना होतो. पातळी वाढवली की आपल्या आवाजाबरोबर पंख्याचा, रस्त्याचा आणि शेजारच्या टेबलाचाही आवाज वाढतो, म्हणून आधी माइक तोंडाजवळ आणावा आणि मग गरज पडली तरच पातळी चढवावी. गोल पिनेच्या माइकसाठी मायक्रोफोन बूस्ट नावाची वेगळी सोय असते. ती शून्यावरून सुरू करावी.

पट्टी मुळीच हलत नसेल तर प्रायव्हसी विभागात मायक्रोफोन हे पान उघडावे. तिथे माइक वापरण्याची परवानगी एकूण संगणकाला आणि डेस्कटॉप ॲप्सना अशी वेगवेगळी द्यावी लागते. सॉफ्टफोन ब्राउझरमध्ये चालत असेल, तर ब्राउझर स्वतःही परवानगी विचारतो. घाईत ब्लॉक हे बटन दाबले गेले असेल, तर पत्त्याच्या पट्टीवरच्या कुलपाच्या किंवा सेटिंगच्या चिन्हावर टिचकी देऊन ते बदलता येते.

विंडोजच्या जुन्या साउंड खिडकीत कम्युनिकेशन्स नावाचे एक पान आहे. फोन सुरू झाला की संगणकाचे इतर आवाज बंद करायचे, ८० टक्क्यांनी उतरवायचे, ५० टक्क्यांनी उतरवायचे की जसेच्या तसे ठेवायचे, हे तिथे ठरते. कॉल चालू असताना प्रशिक्षणाचा व्हिडिओ अचानक का पुटपुटू लागला, याचे उत्तर बहुधा या पानावर सापडते.

आता सॉफ्टफोन उघडावा. कंपनीने दिलेले वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता भरला की रजिस्टर्ड किंवा ऑनलाइन असे दिसले पाहिजे. ते दिसत नसेल तर हेडसेटशी झटापट करू नये, तो खात्याचा किंवा इंटरनेटचा प्रश्न आहे. खाते जोडले गेल्यावर सेटिंगमध्ये ऑडिओ हा विभाग शोधावा. इथे बहुतेक सॉफ्टफोनमध्ये तीन जागा असतात : स्पीकर, मायक्रोफोन आणि रिंगिंग. पहिल्या दोन ठिकाणी डिफॉल्ट न ठेवता हेडसेटचे नाव स्पष्ट निवडावे, कारण डिफॉल्ट काय आहे हे विंडोज ठरवते आणि टीव्हीची किंवा मॉनिटरची तार जोडली की ते बदलू शकते. रिंगिंगसाठी मात्र लॅपटॉपचा स्पीकरच निवडावा. हेडसेट टेबलावर काढून ठेवला असताना घंटी त्यातच वाजत राहिली, तर ती कोणाला ऐकू येणार? ही तिसरी जागा बरेच जण पाहतच नाहीत आणि मिस्ड कॉलबद्दल बोलणी खातात.

ब्लूटूथ हेडसेटची नावे विंडोज १० मध्ये दोनदा दिसतात, एकदा स्टिरिओ म्हणून आणि एकदा हँड्स-फ्री म्हणून. सॉफ्टफोनमध्ये दोन्ही जागी हँड्स-फ्री हेच निवडावे. विंडोज ११ मध्ये ही नावे एकत्र केली आहेत, त्यामुळे तो घोटाळा कमी झाला आहे.

इको कॅन्सलेशन, म्हणजे प्रतिध्वनी गाळण्याची सोय, चालू असू द्यावी. कोडेक म्हणजे आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याची पद्धत; त्यांच्या यादीला सुरुवातीला हात लावू नये. तरी नावे ओळखीची असावीत म्हणून सांगतो. जी.७११ हा जुना आणि सगळीकडे चालणारा कोडेक १९७२ साली प्रमाणित झाला. तो सेकंदाला ८,००० नमुने घेतो आणि साध्या टेलिफोनएवढा आवाज देतो. जी.७२२ आणि ओपस यांत आवाज अधिक भरीव येतो, पण पलीकडच्या बाजूलाही ती सोय असावी लागते. जी.७२९ इंटरनेट कमी खातो आणि आवाजही तेवढाच बारीक करतो.

माइकची जागा आणि कूलरचा वारा

माइकची दांडी तोंडासमोर नव्हे, तर ओठांच्या कोपऱ्याशी, गालापासून साधारण दोन बोटे अंतरावर असावी. मराठीत प, फ, ब, भ या अक्षरांबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो आणि माइक थेट समोर असला की "फोन", "भाव", "पावती" असे शब्द उच्चारताना पलीकडे धप्प धप्प असे आवाज जातात. दांडीच्या टोकावरचा स्पंजाचा गोळा हा झोत अडवण्यासाठीच असतो. तो हरवला तर नवा घ्यावा, त्याला फारसे पैसे पडत नाहीत. ज्या बाजूला माइकचे बारीक छिद्र आहे ती बाजू तोंडाकडे आहे ना, हेही पाहावे. दांडी फिरणारी असेल तर ती उलटी लागते आणि मग आवाज लांबून आल्यासारखा वाटतो.

खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि कूलर लावल्याशिवाय बसवत नाही. म्हणून कूलर बंद करा, हा पुस्तकी सल्ला मी देणार नाही. कूलरचा त्रास दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. एक त्रास त्याच्या मोटरच्या घरघरीचा. सॉफ्टफोनमधली नॉइज सप्रेशन ही सोय एकसारखी घरघर बऱ्यापैकी गाळते. दुसरा त्रास वाऱ्याचा. वाऱ्याचा झोत माइकवर आदळला की जो फडफडाट होतो तो कोणत्याही सॉफ्टवेअरला नीट गाळता येत नाही. त्यामुळे कूलर दूर नेता येत नसला तरी तो पाठीमागे किंवा हेडसेटच्या माइकच्या विरुद्ध बाजूला ठेवावा. कूलर डावीकडे असेल तर माइक उजव्या गालाशी घ्यावा, म्हणजे डोक्याचीच आड होते. छताच्या पंख्याखाली अगदी मधोमध बसण्याऐवजी खुर्ची थोडी बाजूला सरकवली तरी फरक पडतो.

फरशी आणि गुळगुळीत भिंती असलेल्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गोदामाच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या छपराखाली काढलेल्या कार्यालयात तर जास्तच. मागे जाड पडदा किंवा भिंतीला लागून गाद्यांची चळत असेल, तर तिच्याकडे पाठ करून बसावे.

चाचणी

पहिला कॉल गिऱ्हाइकाला करू नये. आधी विंडोजमधल्या ध्वनिमुद्रकात अर्धा मिनिट बोलावे आणि ते हेडसेटमधून ऐकावे. काय बोलावे हा प्रश्न पडत असेल तर नाव, गाव, दहा आकडी मोबाईल क्रमांक आणि दोन-चार भाव बोलावेत, कारण पुढे दिवसभर हेच बोलायचे आहे. इथे आवाज स्वच्छ आला म्हणजे हेडसेट आणि विंडोज हे खालचे दोन थर नीट आहेत. त्यानंतर सॉफ्टफोनवरून स्वतःच्या मोबाईलला कॉल लावावा. मोबाईल घरातल्या कोणाच्या हाती देऊन दुसऱ्या खोलीत पाठवावा. दोन्ही यंत्रे एकाच खोलीत असली तर आवाज एकमेकांत मिसळून कर्कश शिटी वाजते आणि चाचणीचा काही उपयोग होत नाही.

या चाचणीत एक गोष्ट मुद्दाम तपासावी. "पंधराशे साठ" आणि "पंधराशे सात" हे दोन आकडे पाठोपाठ बोलावेत आणि पलीकडच्याला काय ऐकू आले ते लिहायला सांगावे. साध्या फोनचा आवाज सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात जातो. त्यावरचा भाग कापला जातो आणि ठ-त, स-श, फ-थ अशा ध्वनींमधला फरक सांगणारी बारीक खूण बरीचशी त्या कापलेल्या भागात असते. समोरासमोर कधीही न चुकणारा कान फोनवर इथे चुकतो. केळीचा भाव क्विंटलवर ठरतो. साठाचे सात झाले तर एका क्विंटलमागे ५३ रुपयांचा, म्हणजे १०० क्विंटलच्या गाडीमागे ५,३०० रुपयांचा वाद उभा राहतो. हेडसेट कितीही चांगला असला तरी पलीकडे साधा मोबाईल आहे तोवर ही मर्यादा राहणारच. म्हणून आकडा नेहमी दोनदा सांगावा, एकदा सलग आणि एकदा सुटा : "पंधराशे साठ, म्हणजे एक, पाच, सहा, शून्य." समोरच्याकडूनही तसाच वदवून घ्यावा.

प्रत्यक्ष बोलताना

हेडसेटच्या तारेवरचे म्यूटचे बटन आणि सॉफ्टफोनमधले म्यूटचे बटन ही दोन वेगळी बटने आहेत. पुष्कळ हेडसेटमध्ये ती एकमेकांना ओळखत नाहीत. तारेवर म्यूट केले तर पडद्यावर काहीच दिसत नाही आणि मग माणूस पडद्याकडे पाहत, आपण बोलतोय तरी समोरचा हॅलो हॅलो का करतोय, या कोड्यात पडतो. दोहोंपैकी एकच बटन कायम वापरायचे असे ठरवून टाकावे. माझी पसंती पडद्यावरच्या बटनाला आहे, कारण त्याची स्थिती डोळ्यांना दिसते. कॉल उचलण्याचे आणि ठेवण्याचे बटन काही हेडसेटवर असते. ते प्रत्येक सॉफ्टफोनला समजतेच असे नाही, म्हणून विकत घेतानाच त्यावर जास्त पैसे मोजू नयेत.

समोरच्याला थांबवून ठेवायचे असेल तर होल्ड वापरावे, म्यूट नाही. म्यूटमध्ये त्याला निव्वळ शांतता ऐकू येते आणि कॉल तुटला असे समजून तो फोन ठेवतो. मात्र होल्डवर टाकण्याआधी, "दादा, एक मिनिट थांबा, पावती बघून सांगते," एवढे तरी सांगावे. चोपड्याचा किंवा शिरपूरचा शेतकरी अनेकदा शेतातून, वाऱ्यात उभा राहून बोलत असतो. त्याच्या आवाजाची पातळी क्षणात वर-खाली होते. अशा वेळी आपला आवाज चढवून उपयोग नसतो, हेडसेटमधला ऐकण्याचा आवाज वाढवावा आणि कॉल संपल्यावर आठवणीने उतरवावा. अहिराणीत बोलणाऱ्याला अहिराणीतच उत्तर देता आले तर एका वाक्यात काम होते आणि पुन्हा पुन्हा विचारण्याची वेळ येत नाही.

बँकेच्या किंवा कंपनीच्या स्वयंचलित सेवेत एक दाबा, दोन दाबा असे सांगितल्यावर आकडा दाबूनही पुढे जात नसेल, तर सॉफ्टफोनमध्ये दाबलेला आकडा पलीकडे कसा पाठवायचा हे ठरवणारे डीटीएमएफ या नावाचे सेटिंग असते. त्यातली पद्धत बदलून पाहावी. हा प्रश्न हेडसेटचा नसतो.

इंटरनेट आणि वीज

जी.७११ वरचा एक कॉल प्रत्येक दिशेने सेकंदाला साधारण ८० ते ९० किलोबिट वापरतो, म्हणजे दोन्ही दिशांचे मिळून तासाभराच्या बोलण्याला सुमारे ८० एमबी लागतात. हा काही मोठा आकडा नाही, आणि म्हणूनच कॉलला वेग नव्हे, सातत्य लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूने आवाज पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये. त्यापुढे दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. घरातल्या कोणी लग्नाचा मोठा व्हिडिओ वर चढवायला घेतला, तर वरच्या शेतकऱ्याने पाट आपल्याकडे वळवल्यावर खालच्याचे पाणी तुटते तसे आपले शब्द तुटू लागतात. आपल्याला ऐकू नीट येते आणि समोरचा मात्र आवाज तुटतो म्हणतो, तेव्हा आधी वर चढणारा डेटा तपासावा. राउटरपासून संगणकापर्यंत तार टाकता आली तर वायफायपेक्षा केव्हाही बरे.

वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर बंद पडतो आणि कॉल तुटतो. राउटर आणि त्याच्या शेजारची फायबरची डबी ही दोन्ही इन्व्हर्टरच्या जोडणीवर घ्यावीत किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावावा. इन्व्हर्टर सुरू झाल्यावरच हेडसेटमध्ये गुणगुण येत असेल, तर त्या वेळी लॅपटॉप चार्जरविना बॅटरीवर चालवून पाहावा.

बिघडले तर कोठून सुरुवात करावी

दोन्हीकडून काहीच ऐकू येत नसेल तर हेडसेट काढून दुसऱ्या संगणकाला किंवा मोबाईलला लावून पाहावा. तिथे चालला तर तो सुटला. मग विंडोजमधली पट्टी हलते का ते पाहावे, आणि पट्टी हलत असून आवाज जात नसेल तरच सॉफ्टफोनमधले नाव तपासावे. सॉफ्टफोन उघडल्यानंतर हेडसेट जोडला असेल तर सॉफ्टफोन बंद करून पुन्हा उघडावा; निम्म्या तक्रारी एवढ्यावरच मिटतात, असा माझा तरी अंदाज आहे.

सगळी नावे बरोबर आहेत, ध्वनिमुद्रण स्वच्छ येते, तरीही कॉल लागल्यावर एकाच बाजूचा आवाज जातो, अशी तक्रार वेगळी असते. तिचे मूळ बहुधा राउटरमध्ये असते. पुष्कळ राउटरांत एसआयपी एएलजी नावाची सोय कारखान्यातूनच चालू असते. ती मदत करण्यासाठी दिलेली असली तरी कॉलच्या पॅकेटमधले, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या तुकड्यांमधले, पत्ते नको तसे बदलून आवाजाची वाट चुकवते. ती बंद करून पाहण्याची विनंती इंटरनेट देणाऱ्याला करावी.

प्रतिध्वनीबद्दल एक उलटे वाटणारे सत्य लक्षात ठेवावे. आपल्याला आपलाच आवाज थोड्या वेळाने परत ऐकू येत असेल, तर दोष बहुधा समोरच्याकडे असतो. त्याच्या स्पीकरमधला आपला आवाज त्याच्या माइकमध्ये शिरतो आहे. त्याला फोन कानाला लावायला सांगावे. उलट समोरचा प्रतिध्वनीची तक्रार करत असेल तर आपला ऐकण्याचा आवाज कमी करावा आणि कॉल लॅपटॉपच्या स्पीकरवर तर चालू नाही ना, ते पाहावे.

कान, गादी आणि केबल

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुरक्षित मानलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे. घरी मोजण्याचे साधन नसते, पण हेडसेट लावलेला असताना हाताच्या अंतरावरून बोललेले ऐकू येत नसेल तर आवाज जास्त आहे असे समजावे. एका कानाचा हेडसेट असल्यास दुपारनंतर कान बदलावा.

उन्हाळ्यात हेडसेटच्या कानावर टेकणाऱ्या रेक्झिनच्या गाद्या घामाने चिकट होतात आणि कूलरच्या दमट हवेत त्या लवकर सुकतही नाहीत. वर घालायची कापडी खोळ मिळते, ती धुता येते. नाहीतर दिवसाच्या शेवटी गाद्या किंचित ओल्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्यात. पाळीने काम करणाऱ्या दोघांनी एक हेडसेट वापरणे भाग असेल, तर निदान खोळ आणि स्पंज ज्याचे त्याने वेगळे ठेवावे. तार गुंडाळताना हेडसेटभोवती आवळून गुंडाळू नये. ती तुटते ती नेहमी डबीशी किंवा पिनेशी, आणि खुर्चीचे चाक तिच्यावरून गेले तर कोठेही.

नियमांबद्दल थोडे

इंटरनेटवरून साध्या फोनवर कॉल करण्याची जोडणी परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी. अनेक सिम एका यंत्रात घालून इंटरनेटवरचे कॉल मोबाईल जाळ्यात उतरवण्याचे स्वस्त प्रस्ताव येतात. तो प्रकार बेकायदेशीर आहे आणि यंत्र ज्याच्या खोलीत सापडते त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. घरून कॉल घेण्याला मात्र अडचण नाही. कॉल सेंटरसारख्या सेवांचे नियम दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा जून २०२१ मध्ये सैल केले आहेत. जाहिरातीचे कॉल करायचे असतील तर दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे नियम लागू होतात, १४० ने सुरू होणारे क्रमांक वापरावे लागतात, आणि १९०९ वर नाव नोंदवून ज्यांनी असे कॉल नाकारले आहेत त्यांना वगळावे लागते. कॉलचे ध्वनिमुद्रण होत असेल तर ते सुरुवातीलाच सांगावे.

अपघात, आग किंवा आजारपणाच्या वेळी ११२ साठी सॉफ्टफोनवर विसंबू नये. कॉल लागला तरी तो कोठून आला हे पलीकडे बरोबर दिसेल याची खात्री नसते. सर्व्हर मुंबईत आणि आपण अमळनेरला, असे सहज होते. त्यासाठी चार्ज केलेला साधा मोबाईल टेबलावर असावा.